बीजाला लागलेला गंज

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पिवळी पडलेली फाइल आहे. तिच्यात माझ्या पत्नीचे एकोणीस कागद आहेत: सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, पिशवी धुतल्याची नोंद, थायरॉइड, साखर, पुन्हा सोनोग्राफी. माझा कागद एकच आहे, २००० सालचा. त्यावर माझ्या वीर्याच्या तपासणीचा निकाल आहे. शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला चार कोटी साठ लाख, हालचाल समाधानकारक, शेवटी इंग्रजीत एकच शब्द: नॉर्मल.

आमचे लग्न १९९६ सालचे. १९९८, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सारे संपले. दुसऱ्या खेपेनंतर मी तपासणी करून घेतली, तीही डॉक्टरांनी सांगितले म्हणून नव्हे, पत्नीचा भाऊ अडून बसला म्हणून. तो कागद घरी आला त्या संध्याकाळी माझ्या आईने ओटीवर बसून निकाल लावला, “झिलाचो रिपोर्ट बरो आसा. मगे दोष कोणाचो?” पत्नी आत भाकऱ्या थापत होती. तिने ऐकले. मीही ऐकले, आणि गप्प राहिलो. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

त्या वेळी मी मालवणात मच्छीमारांच्या होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करण्याचे काम करत होतो. शिक्षण बारावी, तेही अर्धवट. विज्ञानाचे वाचन पुढे हौसेने सुरू झाले. आधी मराठी विश्वकोश, मग शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी शोधनिबंध. गेली आठ-दहा वर्षे त्या एका ‘नॉर्मल’ शब्दाचा अर्थ शोधतो आहे. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी या लेखाला औषधाची चिठ्ठी समजू नये.

शब्दच नाही

मराठीत मूल नसलेल्या बाईसाठी शब्दांना तोटा नाही. वांझ आहे, वांझोटी आहे, आणि गावोगावचे आणखी कितीतरी. पुरुषासाठी काय आहे? ‘षंढ’ किंवा ‘नपुंसक’ म्हणावे, तर त्या शब्दांचा रोख शरीरसंबंध ठेवता येण्या-न येण्यावर आहे. ज्याचा संसार सर्व बाजूंनी सुरळीत आहे, पण ज्याच्या बीजात दोष आहे, अशा पुरुषासाठी बोलीत शब्द नाही. ‘निपुत्रिक’ म्हटले की त्याचे नशीब फुटके एवढेच कळते, त्याच्या शरीराकडे बोट जात नाही.

विचार मात्र जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव यांच्या दोषांची चर्चा आहे, आणि त्यात आईच्या बीजाबरोबर बापाचे बीजही धरलेले आहे. सुश्रुताने शुक्राच्या दोषांचे आठ प्रकार मोजले. म्हणजे शास्त्राला जे ठाऊक होते, ते ओटीवर पोचले नाही.

आपल्याच कोकणातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. स्त्री-पुरुषांच्या शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले म्हणून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. त्या मासिकाला शंभर वर्षे होत आली. आता तरी वाङ्मयीन अंकात ‘वीर्य’ हा शब्द वाचताना कोणाला पान उलटावेसे वाटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असते. माझ्या फाइलमधले एकोणीस आणि एक हे प्रमाण त्याशी ताडून पाहावे.

होड्या मोजल्या, माल पाहिला नाही

१६७७ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने आपल्या भिंगाखाली वीर्याचा थेंब धरला आणि त्यात वळवळणारे शेपटीवाले जीव पाहिले. आजची नेहमीची तपासणी तत्त्वतः त्याच वाटेने जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. किती आहेत? किती पोहतात? आकार कसा आहे? आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला दोन कोटी ही संख्येची खालची मर्यादा होती. २०१० साली ती दीड कोटी झाली आणि २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत एक कोटी साठ लाख. कोणतीही मर्यादा लावली तरी मी पास होतो.

पण ही मर्यादा म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हेच. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांची तपासणी करून, त्यांतल्या तळाच्या पाच टक्क्यांची हद्द कुठे येते ते पाहून हे आकडे काढलेले आहेत. मर्यादेखालचा पुरुष बाप होऊ शकतो आणि वरचा होत नाही, असे दोन्ही घडते.

आमच्या बंदराच्या भाषेत सांगतो. किनाऱ्यावर उभे राहून होड्या मोजल्या, कोणाचे इंजिन सुरू आहे ते पाहिले, नाळ सरळ आहे की वाकडी तेही पाहिले. खणात माल काय आहे हे कोणी उघडून पाहिले नाही. शुक्राणूच्या खणात एकच माल असतो, बापाचा डीएनए. त्याच्यासाठीच तर एवढा प्रवास.

तो माल भरण्याची रीत थक्क करणारी आहे. एका शुक्राणूतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे एक मीटर लांब भरेल. तो बसवायचा असतो मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या डोक्यात. शरीराच्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळासारखा गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना बहुतेक हिस्टोन काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची लहान प्रथिने येतात. ती डीएनएला इतके घट्ट आवळतात की जवळजवळ घनरूप गठ्ठा बनतो. या गठ्ठ्याला गंधकाचे टाके घातलेले असतात आणि जस्ताचे अणू ते नीट धरून ठेवतात. नीट बांधलेला गठ्ठा सहसा बिघडत नाही. बांधणी सैल राहिली तर मात्र बाहेरचे सारे आत शिरते, आणि सर्वांत आधी शिरतो ऑक्सिजनचा उपद्रव.

खवट होणारे कवच

मालवणात राहणाऱ्याला ऑक्सिजनचे दुसरे रूप समजावून सांगावे लागत नाही. खिडकीचा गज, सायकलची साखळी, दाराची बिजागरी यांना इथे चार पावसाळ्यांत गंज खातो. गंज म्हणजे लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकणे. तेलकट मासळी खवट होते तीही याच जातीच्या क्रियेने. सुके बोंबील पावसाळाभर टिकतात. तारली आणि बांगडा नीट राखले नाहीत, तर पिवळे पडून उग्र वास मारतात, कारण त्यांच्यात अनेक दुहेरी बंध असलेली चरबी भरपूर असते आणि दुहेरी बंधाजवळची जागा ऑक्सिजनला सोपी सापडते. लाकडी होडीला तारल्याचे तेल लावायची रीत होती. ते तेल हवेत चिकट होऊन थर धरते, त्यामागेही हेच रसायन.

आता शुक्राणूकडे पाहू. त्याचे कवच लवचीक असावे लागते, नाहीतर शेपटी वळणार नाही आणि अंड्याशी मिलाफ होणार नाही. ही लवचीकता ज्या मेदाम्लांमुळे येते, त्यांत डीएचए नावाचे मेदाम्ल प्रमुख आहे. तारलीच्या तेलातले हेच ते ओमेगा-३. त्याच्या एका रेणूत सहा दुहेरी बंध असतात. म्हणजे निसर्गाने शुक्राणूला सर्वांत चपळ आणि सर्वांत लवकर खवट होणारे कवच दिले आहे.

त्यात आणखी भर. पोहण्याचे ओझे कमी व्हावे म्हणून शुक्राणूने आपल्यातला जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून दिलेला असतो. इतर पेशींत ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांना निष्प्रभ करणारी विकरे याच द्रवात असतात. तो गेला की घरातली राखणही गेली. बाहेरच्या वीर्यद्रवात क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल, काही विकरे अशी राखण असते आणि तिच्यावरच बरीचशी भिस्त राहते. उपद्रवी रूपे मात्र आतच तयार होतात. शुक्राणूच्या मानेशी ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांची गुंडाळी असते, तिच्यातून ती गळतात. वीर्यात संसर्गामुळे पांढऱ्या पेशी वाढल्या असतील, तर त्या तर हे हत्यार मुद्दाम सोडतात. निर्मिती जास्त आणि राखण कमी अशी स्थिती आली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण, म्हणतात.

हे प्रथम लक्षात आले १९४३ साली. अमेरिकेत जॉन मॅक्लाउड यांना आढळले की ऑक्सिजन भरपूर दिला तर मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा नाश करणारे कॅटलेज हे विकर सोबत घातले की ती टिकते. ज्यावर जीव जगतो तोच वायू बीजाला मारक ठरू शकतो, हे त्या काळी चमत्कारिक वाटले असणार. पुढे १९७९ साली थॅडियस मान आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूंच्या मेदाचे खवटणे मोजले, आणि १९८७ पासून जॉन एटकेन यांच्या कामाने या विषयाला आजचे रूप आले.

तरी ऑक्सिजनची ही रूपे निव्वळ शत्रू नव्हेत. स्त्रीच्या शरीरात शिरल्यावर शुक्राणूला अंड्यात शिरण्याची पात्रता यावी लागते, आणि ती येण्यासाठी यांचाच थोडा अंश लागतो. चुलीत विस्तव हवा, वाशाला नको, एवढाच प्रश्न. ही गोष्ट औषधांकडे वळताना पुन्हा लागेल.

दुरुस्ती कोण करतो?

कवच खवटले की शुक्राणू मंद होतो आणि ते नेहमीच्या तपासणीत दिसते. पण उपद्रव डीएनएपर्यंत पोचला तर? डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे ऑक्सिडीकरणाला सर्वांत लवकर बळी पडते. त्याचे बिघडलेले रूप वीर्यात मोजता येते. बिघाड साठत गेला की डीएनएची साखळी ठिकठिकाणी तुटते.

साधी पेशी अशी तूटफूट रोज दुरुस्त करते. शुक्राणूपाशी दुरुस्तीच्या कारखान्यातले एकच यंत्र उरलेले असते. ते बिघडलेले अक्षर कापून काढते, पण रिकामी जागा भरायला लागणारी पुढची यंत्रे त्याच्याकडे नसतात. म्हणजे मेकॅनिकने खराब नट काढला आणि नवा न बसवता इंजिन बोटीवर चढवले. पुढचे काम अंड्याच्या माथी येते. फलनानंतर पहिल्या काही तासांत अंडे बापाच्या डीएनएची डागडुजी करते, आणि ते काम ते खरोखर चांगले करते. तूट मोठी असेल किंवा वयामुळे अंड्याची ताकद कमी झाली असेल, तर डागडुजी अपुरी राहते.

आता कालक्रम पाहा. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईने अंड्यात भरून दिलेल्या शिधेवर चालतो. त्याची स्वतःची जनुके, म्हणजे बापाकडची सुद्धा, साधारण तिसऱ्या दिवशी, चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात. त्यामुळे तुटका डीएनए घेऊन आलेला शुक्राणू फलन करू शकतो, दिवस जाऊ शकतात, आणि बिघाड नंतर उघडा पडतो. तेव्हा गर्भ बाईच्या शरीरात असतो, म्हणून पडतोही तिच्याच शरीरातून. बघणाऱ्याला दोष तिथेच दिसतो.

२०१२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सोळा अभ्यास एकत्र करून सुमारे तीन हजार जोडप्यांची माहिती तपासली. ज्यांच्या शुक्राणूंत डीएनएची तूट जास्त होती, त्यांच्यात गर्भपाताचा धोका दुपटीहून अधिक आढळला. त्याच वर्षी मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतून डॉ. नफिसा बालासिनोर यांच्या गटाने एक निबंध प्रसिद्ध केला. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतल्या, पण वीर्यतपासणी नॉर्मल असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंत डीएनएवरच्या रासायनिक खुणा काही ठिकाणी बिघडलेल्या त्यांना दिसल्या. ही तूट नव्हे, वेगळ्या जातीचा दोष आहे. पण ‘नॉर्मल’ कागदाच्या आत काहीतरी बिनसलेले असू शकते, हे आपल्या मुंबईतच दाखवले गेले. तो निबंध वाचला त्या रात्री मी फाइल काढून पुन्हा पाहिली.

याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेच्या संशोधकांच्या प्रयत्नांतून नळीतून बाळ जन्माला आले आणि निपुत्रिक जोडप्यांना नवी आशा मिळाली. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याची पद्धत यशस्वी झाली. पोहता न येणाऱ्या शुक्राणूलाही त्यामुळे वाट मिळाली. पण सुई ज्याला उचलते त्याच्या खणात काय आहे ते भिंगातून दिसत नाही.

गंज कशाने चढतो

कारणांची यादी वाचताना मला आमचे बंदर डोळ्यांपुढे येत होते. पहिले कारण विडी-सिगारेट. धुरातली उपद्रवी मूलके आणि कॅडमियमसारखे धातू वीर्यापर्यंत पोचतात, आणि ओढणाऱ्यांच्या वीर्यद्रवात राखण कमी झालेली आढळते. मी त्या काळात दिवसाला एक कट्टा ओढत होतो. दुसरे, उष्णता. वृषणे शरीराबाहेर असतात ती उगीच नव्हे. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. ट्रॉलरच्या इंजिनखोलीत, बेकरीच्या भट्टीपुढे, लांब पल्ल्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये दिवस काढणाऱ्यांचा विचार करावा. मोठा ताप आला तरी पुढचे दोन-तीन महिने वीर्यावर परिणाम दिसतो.

तिसरे कारण वृषणातल्या फुगलेल्या शिरा, ज्यांना व्हेरिकोसील म्हणतात. त्या बहुधा डाव्या बाजूला असतात. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे पंधरा टक्क्यांना आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत पस्तीस-चाळीस टक्क्यांना त्या आढळतात. रक्त तुंबते, उष्णता वाढते, ताण वाढतो. हाताने तपासून कळणारी ही गोष्ट आहे, पण त्यासाठी पुरुषाने तपासणीच्या टेबलावर चढावे लागते. याखेरीज संसर्ग, स्थूलपणा, मधुमेह आणि वाढते वय. बाईच्या वयाचा हिशेब सगळे करतात. बापाचे वय वाढते तशी डीएनएची तूटही वाढते, हे सांगितले तर लोक हसतात.

रसायनांचीही बाजू आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांच्या आपसातल्या गप्पांतून लक्षात आले की कोणालाच मूल होत नाही. मुळांवरच्या सूत्रकृमींना मारणारे डीबीसीपी नावाचे औषध ते बनवत होते. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा अजिबात नाहीत असे निघाले. ते विष ऑक्सिडीकरणाच्या वाटेने मारत होते असा माझा दावा नाही. पण पुरुषाचे बीज कामाच्या जागी नासू शकते, हे त्या गप्पांनी जगाला शिकवले. आपल्याकडे आंब्याच्या कलमांवर फवारणी करणारे गडी उघड्या अंगाने, तोंडाला पंचा बांधून उभे असतात. त्यांना हातमोजे आणि मुखपट्टी देणे ही बागायतदाराची मेहेरबानी नव्हे.

लाल आणि हिरवे

खणातला माल पाहण्याची युक्ती १९८० साली सापडली. अमेरिकेत डोनाल्ड इव्हेन्सन आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूंना उष्णता देऊन त्यांचा डीएनए उकलतो का हे पाहिले आणि अ‍ॅक्रिडीन ऑरेंज नावाचा रंग घातला. दुपदरी, धड डीएनएवर हा रंग हिरवा चमकतो. जिथे तूट आहे तिथे पदर सुटतात आणि तोच रंग लाल चमकतो. हजारो शुक्राणू यंत्रातून सोडून लाल किती ते मोजायचे. पुढे उष्णतेऐवजी आम्ल वापरू लागले आणि या प्रमाणाला डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, थोडक्यात डीएफआय, हे नाव रूढ झाले. साधारणतः तीस टक्क्यांवरचे प्रमाण चिंतेचे मानतात. तूट मोजण्याच्या इतरही पद्धती आहेत, आणि एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडता येत नाही.

तारखांकडे लक्ष द्यावे. माझा कागद २००० सालचा, आणि युक्ती वीस वर्षे आधीची. त्या काळी मालवणच्या माणसाच्या आवाक्यात ती नव्हती, हे खरे. पण ‘नॉर्मल’चा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही, एवढे सांगायला यंत्र लागत नव्हते.

ही तपासणी सर्वांनी धावत जाऊन करावी असेही नाही. अमेरिकेतल्या मूत्रविकार आणि प्रजननतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत ती पहिल्या तपासणीत नको म्हटले आहे. वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र पुरुषाची ही तपासणी विचारात घ्यावी असे सांगितले आहे. २०२१ च्या जागतिक पुस्तिकेत ती विस्तारित तपासण्यांमध्ये आली. आकडा वाईट आला म्हणून मूल होणारच नाही असे नसते, आणि चांगला आला म्हणून होईलच असेही नसते. तो शक्यता सांगतो.

जस्ताच्या पट्ट्या

समुद्रात राहणाऱ्या बोटीच्या पंख्याजवळ आणि सुकाणूजवळ आम्ही जस्ताच्या पट्ट्या बसवतो. जस्त आपले इलेक्ट्रॉन लोखंडाआधी देते. ते झिजते आणि लोखंड वाचते. अँटिऑक्सिडंट नावाचे पदार्थ असेच काम करतात. बाजारात आज पुरुषांसाठी ज्या गोळ्या-पावडरी महिन्याला हजारो रुपयांना विकल्या जातात, त्यांच्यामागचा युक्तिवाद एवढाच. युक्तिवाद चुकीचा नाही. अनुभव काय सांगतो ते पाहू.

१९९१ साली कॅलिफोर्नियात ब्रूस एम्स यांच्या गटाने दहा निरोगी पुरुषांच्या आहारातले क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून पाचवर आणले. शुक्राणूंच्या डीएनएमधले बिघडलेले ग्वानिन जवळजवळ दुप्पट झाले, आणि जीवनसत्त्व पुन्हा दिल्यावर कमी झाले. म्हणजे उणीव असेल तर ती भरून काढण्यात अर्थ आहे. पण उणीव नसताना? २०२० साली अमेरिकेत १७१ पुरुषांना क, ई, सेलेनियम, जस्त वगैरेंचे मिश्रण किंवा नुसती दिसायला तशी गोळी देऊन पाहिले. तीन महिन्यांनी हालचालीत, डीएनएच्या तुटीत फरक नव्हता. त्याच वर्षी २,३७० जोडप्यांवरच्या मोठ्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फोलिक आम्ल दिले. बाळे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले, उलट डीएनएची तूट औषध घेणाऱ्यांत किंचित जास्त निघाली: २९.७ टक्के, आणि दुसऱ्या गटात २७.२. त्याआधी फ्रान्समध्ये आढळले होते की जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तूट कमी होते, पण प्रोटामिनचे ते गंधकाचे टाके सैल पडतात.

होडीवर काम केलेल्याला याचे नवल वाटणार नाही. लाकडी होडीला जस्ताच्या पट्ट्या गरजेपेक्षा जास्त ठोकल्या, तर धातूलगतचे लाकूड मऊ पडून नासते. रक्षणाचीही मात्रा असते.

मग करायचे काय? शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि पुढच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आज विडी सोडली तर तीन महिन्यांनी नवे पीक हाती येते. बाईची सगळी अंडी तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पुरुषाला मात्र दर तीन महिन्यांनी नवी संधी मिळते. तंबाखू बंद, इंजिनखोलीत पाळीपाळीने काम, संसर्गावर वेळीच उपचार, साखर आणि वजन ताब्यात. व्हेरिकोसील हाताला लागत असेल तर शस्त्रक्रियेनंतर तूट कमी होते असे बहुतेक अभ्यासांत दिसते. बीज साठवून ठेवल्याने जोम येतो हा आपला जुना समज, पण साठलेल्या बीजात तूट वाढते आणि मोकळीक जवळजवळ ठेवली तर ती कमी आढळते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रीमा दादा यांच्या गटाने योग आणि ध्यानाच्या दिनचर्येने हा ताण उतरतो का यावर काम केले आहे. आणि क जीवनसत्त्वासाठी डबा विकत आणण्याआधी काजूच्या बागेत जावे. बी काढून घेतल्यावर जे बोंडू आपण झाडाखाली कुजत टाकतो, त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते.

फाइल

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या बायकोचे दुसऱ्यांदा दिवस राहून गेले. तो ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो. घरात पुन्हा तेच बोलणे सुरू झाले. तिला आंगणेवाडीला नेऊन भराडीदेवीची ओटी भरायची, अमक्या डॉक्टरला दाखवायचे. ओटी भरावी, माझ्या पत्नीनेही भरली होती आणि त्यातून तिला धीर मिळाला होता. मी फक्त एवढेच म्हटले की या वेळी आधी त्याला नेऊ. पुतण्या म्हणाला, “काका, माझो रिपोर्ट नॉर्मल आसा.” मी त्याला माझी फाइल दाखवली.

त्याची संख्या खरोखर उत्तम होती. डीएफआय मात्र ३८ टक्के निघाला, आणि हाताने तपासल्यावर डाव्या बाजूला फुगलेल्या शिरा सापडल्या. त्याने सिगारेट सोडली, शस्त्रक्रिया करून घेतली. सहा महिन्यांनी प्रमाण २१ वर आले. मूल होईल की नाही ते पुढे कळेल. पण त्या घरात आता त्या मुलीला कोणी काही बोलत नाही, आणि बोलले तर पुतण्या उत्तर देतो. माझ्या लेखी हा उपचाराचा पहिला परिणाम.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मला निकाल लावता येणार नाही. आमचे तिन्ही गर्भ माझ्या बीजामुळे पडले असे मी म्हणू शकत नाही. तो वीर्याचा थेंब आता कोणालाही तपासता येणार नाही. पण मी दिवसाला एक कट्टा विडी ओढत होतो, तापल्या इंजिनांवर वाकून काम करत होतो, आणि माझ्या हातातला कागद ज्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हता त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही तो वापरला. त्या कागदाने मला सोडले आणि तिला धरले. हा अन्याय होता, हे म्हणायला कोणत्याही तपासणीची गरज नाही.

हा लेख लिहून झाल्यावर पत्नीला वाचून दाखवला. शास्त्राचा भाग तिने शांतपणे ऐकला. शेवटी म्हणाली, “ह्या तेव्हा कोणी सांगल्यान असता, तर आयेन माका तसा म्हटल्यान नसता.” आई जाऊन अकरा वर्षे झाली. मी म्हटले, सांगायला मी होतो, पण तेव्हा गप्प बसलो. त्यावर ती काही बोलली नाही. उठून तिने कपाटातली फाइल काढली, तिचे एकोणीस कागद बाजूला केले आणि माझा एक कागद माझ्या हातात दिला. बाकीचे तिने दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या चुलीत घातले.